तंजावरचे नाटककार आणि त्यांची शिदोरी

सुताराचा किंवा सोनाराचा मुलगा आपला धंदा कसा शिकतो हे सर्वांना ठाऊक असते. तो बापाच्या हाताखाली बसतो, हत्यारे हाताळतो, लाकूड किंवा सोने वाया घालवतो आणि हळूहळू तयार होतो. नाटक किंवा कथा लिहू पाहणारा तरुण आपले काम कोठे आणि कोणाकडून शिकतो, या प्रश्नाचे उत्तर मात्र सहसा इतके सरळ मिळत नाही. अशा लेखकाची उमेदवारी बहुधा कोणाच्या नजरेस न पडता पार पडते, आणि पुढे तो प्रसिद्धीस आला की उरते ती केवळ प्रतिभेची गोष्ट. कावेरीच्या काठचे तंजावर या बाबतीत काहीसे अपवादात्मक आहे. तेथे लेखकाला काय मिळाले आणि काय मिळाले नाही, याचा माग सुमारे तीनशे वर्षे काढता येतो. कारण तेथील कागदपत्रेही टिकली आहेत आणि नाट्यपरंपराही काही अंशी टिकली आहे.

व्यंकोजी भोसले यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले तेव्हा त्या शहरात नाट्यलेखनाची परंपरा अगोदरच रुजलेली होती. रघुनाथ नायक आणि विजयराघव नायक या तेथील पूर्वीच्या राजांनी तेलुगूत यक्षगाने रचली होती किंवा रचवून घेतली होती. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी १६८४ ते १७१२ या काळात राज्य केले आणि तीच परंपरा पुढे चालवली. त्यांच्या नावावर तेलुगू, मराठी, हिंदी व संस्कृत अशा अनेक भाषांतील रचना आहेत. राजाच्या नावाने असलेली प्रत्येक ओळ राजानेच लिहिली असेल असे मानण्याचे कारण नाही. दरबारी पंडितांचा हात त्यांत निश्चितच असणार. परंतु शिकणाऱ्याच्या दृष्टीने या वादाला फारसे महत्त्व नाही. राजापासून आश्रितापर्यंत सर्वजण एकाच साच्यात लिहीत होते आणि तो साचा सर्वांना खुला होता, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

हा साचा कसा होता हे थोडे तपशिलाने पाहण्याजोगे आहे. प्रारंभी मंगलाचरण आणि गणेशवंदन, मग सूत्रधार, आणि त्याच्या जोडीला प्रेक्षकांना हसवणारे विदूषकासारखे पात्र. प्रत्येक मुख्य पात्र रंगभूमीवर येताना त्याच्या प्रवेशाचे गीत म्हटले जाई. या गीताला ‘दरू’ म्हणत. पात्र कोण, कसे दिसते, कोणत्या मनःस्थितीत आहे, हे सारे त्या गीतातच सांगून होई. त्यानंतर संवाद, श्लोक, द्विपदी, चूर्णिका यांची गुंफण. गीतांवर राग आणि ताल यांची नावे लिहिलेली असत. कथानक बहुधा पुराणातले, आणि पुष्कळदा एखाद्या विवाहाचे असे. म्हणून ‘कल्याण’ हा शब्द अनेक नाटकांच्या नावांत आढळतो. प्रेक्षकाला गोष्टीचा शेवट आधीच ठाऊक असे. तेव्हा नव्या लेखकाला कथानक शोधण्याची चिंता नव्हती. सूत्रधाराने कोठे थांबावे, गीत संपवून संवाद कोठे सुरू करावा, रुसलेल्या नायिकेला किती वेळ रुसू द्यावे, एवढ्याच गोष्टींवर त्याचे सारे लक्ष केंद्रित होत असे. आजच्या चित्रपटाच्या पटकथाकारालाही नेमके हेच प्रश्न पडतात. फक्त त्याच्यापुढे रागाच्या नावाऐवजी दृश्याचा क्रमांक असतो.

साचा कडक असला तरी त्यात खेळायला जागा होती, हे शहाजीराजांच्या ‘पंचभाषाविलास’ या नाटकावरून कळते. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांचा उपयोग केला आहे. हा निव्वळ पांडित्याचा खेळ नव्हता. तंजावरच्या रस्त्यात रोज हेच ऐकू येत असे. आपल्या पात्राने कोणत्या भाषेत बोलावे आणि एका भाषेतला माणूस दुसऱ्या भाषेतल्या माणसाला कसे उत्तर देतो, हे तेथील लेखक कानाने शिकत होता. बोली ऐकून लिहिण्याची ही सवय कोणत्याही ग्रंथातून लागत नाही.

नमुना आणि कान यांच्याइतकीच निकडीची गोष्ट म्हणजे निर्वाह. शहाजीराजांनी १६९३ मध्ये तिरुविसनल्लूर हे गाव पंचेचाळीस-सेहेचाळीस विद्वानांना अग्रहार म्हणून दिले व त्याला ‘शहाजीराजपुरम्’ असे नाव पडले. ‘जानकीपरिणय’ या संस्कृत नाटकाचे कर्ते रामभद्र दीक्षित तेथलेच. एका गावात इतके लिहिणारे शेजारी-शेजारी राहिले म्हणजे काय होते हे समजण्यास फार कल्पनाशक्ती नको. रचलेला श्लोक संध्याकाळपर्यंत चार जणांच्या कानांवर जातो आणि त्यातली चूक रात्रीच्या आत उघडकीस येते.

दरबाराने दिलेली तिसरी देणगी म्हणजे ग्रंथसंग्रह. सरस्वती महाल ग्रंथालयाचा आरंभ नायकांच्या काळातला. पण त्याला आजचे रूप दिले ते दुसऱ्या सरफोजीराजांनी. त्यांनी १७९८ ते १८३२ पर्यंत गादी सांभाळली, काशीयात्रेतून ग्रंथ आणले, नकलनवीस बसवून प्रती करविल्या आणि युरोपातून छापील पुस्तके मागवली. आज या ग्रंथालयात सुमारे ४९,००० हस्तलिखिते आहेत. त्यांत संस्कृत ग्रंथांचा भरणा सर्वांत मोठा असला तरी मराठी हस्तलिखितेही तीन हजारांच्या घरात आहेत, आणि नाटके, निरूपणे व कीर्तनोपयोगी आख्याने यांचा त्यांत चांगला भरणा आहे.

सरफोजींनी स्वतः या साहित्याचा उपयोग कसा केला हे ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी रचनेत दिसते. कुरवंजी हा तमिळ मुलखातला लोकप्रिय प्रकार. डोंगराळ भागातली भविष्य सांगणारी भटकी स्त्री येते, आपल्या मुलखाचे वर्णन करते, विरहिणी नायिकेचा हात पाहते आणि तिला शुभ शकुन सांगते. सरफोजींनी ही चौकट जशीच्या तशी ठेवली आणि कुरवंजीच्या मुलखाच्या वर्णनात साऱ्या पृथ्वीचा भूगोल भरला. खंडे, देश, नगरे यांची नावे गाण्यातून आली. काव्य म्हणून ही रचना थोर आहे असे म्हणता येणार नाही. भूगोलाचे ओझे गाण्याला कधीकधी पेलत नाही. पण जुन्या साच्यात नवा मजकूर कसा बसवावा याचा हा फार बोलका धडा आहे. सरफोजींच्या छापखान्यातून १८०६ मध्ये सख्खण पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापाच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने देवनागरीत छापून निघाल्या. मुंबईत छापील मराठी पुस्तकांचा ओघ सुरू होण्याच्या कितीतरी अगोदरची ही घटना आहे.

इतके सारे असूनही तंजावरच्या मराठी नाट्यलेखनाला पुढे वंश राहिला नाही. नमुने होते, निर्वाह होता, ग्रंथालय होते, छापखानासुद्धा होता. परंतु छापखान्यातून मोजकीच पुस्तके बाहेर पडली आणि दरबारी नाटके हस्तलिखितांतच राहिली. ही नाटके ज्यांना परकी वाटली नसती असा मराठी वाचक शेकडो कोसांवर होता आणि त्याच्यापर्यंत ती पोचली नाहीत. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्यामागे कर्नाटकातून आलेल्या यक्षगान मंडळीच्या खेळाची प्रेरणा होती. म्हणजे महाराष्ट्रातील मराठी नाटकाने दक्षिणेकडूनच उचल घेतली. पण त्याच दक्षिणेत दीडशे वर्षे लिहिली गेलेली मराठी नाटके त्या वेळी भावे यांच्या हाती होती असे दिसत नाही. शहाजीराजांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे १६९० च्या सुमाराचे मराठी नाटक काही अभ्यासक मराठीतले पहिले नाटक मानतात. या मानाचा निवाडा कसाही होवो, सांगलीच्या नव्या नाटककाराला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. १८५५ मध्ये तंजावरची गादी खालसा झाली आणि दरबाराबरोबर त्या नाटकांचा प्रेक्षकही गेला.

तंजावरपासून थोड्या अंतरावरील मेलट्टूर या गावी याच्या उलट घडले. तेथील वेंकटराम शास्त्री यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या प्रारंभी तेलुगूत भागवतमेळ्याची नाटके लिहिली. ती राजवाड्यासाठी नव्हती. नरसिंहजयंतीच्या उत्सवात देवासमोर, गावकऱ्यांपुढे, रात्रभर ती होत असत आणि गावातील पुरुषच सर्व भूमिका करीत. या परंपरेत मधून मधून खंड पडला, तरी ‘प्रह्लादचरित्र’ आजही तेथे होते. तेथे मुले पाठांतराने भूमिका उचलतात, आणि कोणती ओळ कंटाळवाणी होते हे पहाटे तीन वाजता प्रेक्षकांच्या जांभयांवरून कळते. लेखकाला याहून प्रामाणिक शिक्षक मिळणे कठीण.

जुन्या हस्तलिखितांना ग्रंथालयाबाहेर वाट मिळाली तर काय होते याचे उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांचा जन्म १८५५ चा, म्हणजे गादी खालसा झाली त्याच वर्षीचा. तिरुवावडुदुरै येथील मठाच्या आश्रयाने त्यांनी मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांच्यापाशी अध्ययन केले, १८८० पासून कुंभकोणच्या महाविद्यालयात अध्यापन केले, आणि गावोगाव हिंडून ताडपत्रे जमवली. ‘शिलप्पदिकारम्’ हे प्राचीन तमिळ महाकाव्य त्यांनी १८९२ मध्ये छापून प्रसिद्ध केले. ताडपत्रावरील ते काव्य त्यामुळे कोणाही विद्यार्थ्याच्या हाती पडू लागले. १९६४ मध्ये त्याच कथेवरून ‘पूम्पुहार’ हा चित्रपट निघाला. त्याचे लेखन मु. करुणानिधी यांनी केले होते.

करुणानिधींचा जन्म तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील तिरुक्कुवळै येथे १९२४ मध्ये झाला. पुढे ते मुख्यमंत्री झाले, तो भाग येथे अप्रस्तुत आहे. लेखक म्हणून त्यांची उमेदवारी मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. शाळकरी वयात त्यांनी हस्तलिखित नियतकालिक चालवले, १९४२ मध्ये तिरुवारूर येथून ‘मुरसोली’ काढले, नाटके लिहिली, आणि १९४७ च्या ‘राजकुमारी’ पासून ते चित्रपटांकडे वळले. नन्निलम् येथे १९३० मध्ये जन्मलेले के. बालचंदर यांचा मार्गही फारसा वेगळा नव्हता. काही काळ शिक्षक, मग मद्रासला महालेखापालांच्या कचेरीत कारकुनी, आणि फावल्या वेळात हौशी मंडळींसाठी नाटके. ‘नीरकुमिळि’ हे त्यांचे आधी नाटक होते. १९६५ मध्ये त्यांनी स्वतः त्याचा चित्रपट केला. दोघांनाही पटकथेचा वर्ग मिळाला नाही. त्यांचा वर्ग म्हणजे समोर बसलेला, तिकीट काढून आलेला किंवा फुकट आलेला, पण नाटक आवडले नाही तर उठून जाणारा प्रेक्षक.

कथाकारांची कहाणी निराळी, कारण त्यांना प्रेक्षक दिसत नाही. १९३३ मध्ये निघालेल्या ‘मणिक्कोडी’ या तमिळ नियतकालिकाने ही उणीव काही काळ भरून काढली. कुंभकोणचे एम. व्ही. वेंकटराम यांची पहिली कथा त्यात छापून आली तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. त्याच गावी कु. प. राजगोपालन् यांच्याभोवती वेंकटराम, करिच्चान कुंजू आणि ति. जानकीरामन् हे तरुण जमत. वडीलधारा लेखक, वाचून दाखवायला दोन मित्र, आणि स्वीकार वा नकार कळवणारे एक मासिक, एवढ्या भांडवलावर ही मंडळी लिहू लागली. महाराष्ट्रात राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदानाची योजना चालवली, ती याच वाटेवरची पुढली पायरी म्हणता येईल. पहिल्या पुस्तकाला छापखाना मिळतो. मात्र वाचून दाखवायला मित्र शोधण्याचे काम लेखकाकडेच राहते.

जानकीरामन् यांनी शाळेत शिकवले आणि नंतर आकाशवाणीत नोकरी केली. त्यांच्या नाटकावरून १९५९ मध्ये ‘नालु वेलि निलम्’ हा चित्रपट निघाला, आणि १९७९ मध्ये त्यांच्या कथासंग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या ‘मोहमुळ्’ या कादंबरीची नायिका यमुना ही तंजावरच्या मराठी आईची मुलगी आहे. पुढे १९९५ मध्ये ज्ञान राजशेखरन् यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला. शहाजीराजांच्या मराठी नायिका बहुतेक हस्तलिखितांतच राहिल्या. तमिळ लेखकाने निर्माण केलेली ही तंजावरची मुलगी मात्र पुस्तकातून पडद्यापर्यंत पोचली. सरस्वती महाल ग्रंथालयानेही विसाव्या शतकाच्या मध्यापासून आपल्याकडील काही मराठी कृती छापण्यास प्रारंभ केला, आणि ‘देवेंद्र कुरवंजी’ ही त्यांतील एक होय.