प्रवरेच्या काठचा प्राचीन ठेवा : नेवासे, जोर्वे आणि दायमाबाद

अहिल्यानगर जिल्ह्यातील सर्वांत जुन्या मानवनिर्मित वस्तू म्हणजे नेवाशाजवळ प्रवरा नदीच्या वाळू-गोट्यांच्या थरांत सापडलेली दगडी हत्यारे असून, डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ पासून तेथे केलेल्या संशोधनामुळे अश्मयुगातील, म्हणजे धातू अवगत होण्यापूर्वीच्या, माणसाचा या खोऱ्यातील वावर सिद्ध झाला.

त्यानंतरच्या ताम्रपाषाण काळाला, ज्यात तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरात होती, संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावाने ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव दिले. लाल पृष्ठभागावर काळी नक्षी असलेली तिची भांडी महाराष्ट्रात दूरवर आढळतात.

या सर्वांत विलक्षण स्थळ मात्र श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद होय. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासूनच्या वस्त्यांचे थर येथे एकावर एक साचले असून, त्यांत उत्तर हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळातील, थरही आहे. १९७४ मध्ये येथे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ अशी एकूण ६० किलोंहून अधिक वजनाची चार भरीव धातुशिल्पे मिळाली. सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीच्या रथात सारथी उभा आहे आणि बैलांमागे, रथाच्या दांडीवर, एक छोटा कुत्राही उभा केलेला आहे. कारागिराची ही नजर थक्क करणारी आहे. शिल्पांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी दख्खनच्या प्राचीन धातुकलेत त्यांना तोड नाही.