शिंगराची उसनी ढाल

घोडीच्या वारेतून गर्भाला प्रतिपिंडे जवळजवळ मिळतच नाहीत. ती येतात चिकातून, तीही पहिल्या 24 तासांत. मग आतडे दार लावून घेते. ही उसनवारी काही महिन्यांत संपते. साधारण त्याच सुमारास शिंगरे आईपासून तोडली जातात, अन् लॉसोनिया हा जंतू लहान आतड्याच्या पेशींत शिरतो. अस्तर बेसुमार वाढते, आतडे जाड होते, रक्तातली प्रथिने गळतात आणि जबड्याखाली, पोटाखाली सूज उतरते. म्हणजे दुखणे आतड्याचे, पत्ता हनुवटीवर! जुलाब दिसतीलच असे नाही.

पुण्यात घोड्यांची प्रतिकारशक्ती माणसांच्याही कामी आली. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मचे निवृत्त घोडे प्रतिपिंडयुक्त सीरमसाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात. त्यातूनच 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.