आधी भिंत बघा

मैंदर्गीत भिंतीवर टीव्ही बसवायला आलेला मिस्त्री आधी टीव्हीकडे बघतच नाही. घरातली पोरं खोक्याभोवती गोळा झालेली असतात, थर्माकोलचा चुरा शहाबादी फरशीवर पसरलेला असतो, आणि हा गडी बोटं मुडपून भिंतीवर टकटक करत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्याकडे निघालेला असतो. कुठे ठक्क वाजतं, कुठे भद्द. भद्द वाजलं की तो थांबतो, गिलाव्यावर तळहात दाबून बघतो आणि पुढे सरकतो. हे काम जवळून बघायचं म्हणून मी त्याच्याबरोबर एका घरी गेलो होतो. ब्रॅकेट निवडणं म्हणजे दुकानात काय मिळतं ते बघणं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती निवड भिंतीशी सुरू होते.

मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातलं, अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना लागणारं गाव. नगरपरिषद आहे, पण एकाच गल्लीत घरांच्या तीन पिढ्या शेजारी उभ्या दिसतात. दगड-मातीची माळवदी घरं, नंतरची विटांची घरं आणि अलीकडची सिमेंटच्या ब्लॉकची. रंग सगळ्यांना एकच, त्यामुळे बाहेरून फरक कळत नाही. तो ड्रिल लावल्यावर कळतो. मिस्त्री वर्तमानपत्राचा कागद दुमडून भिंतीला चिकटपट्टीने लावतो, त्याचा खिसा तयार होतो. भोक पाडताना पडणारी भुकटी त्या खिशात जमते. खोली साफ राहते हा फायदा आहेच, पण त्याचा खरा डोळा भुकटीच्या रंगावर असतो. लाल आली तर वीट. राखाडी येतच राहिली तर काँक्रीट किंवा ब्लॉक. आधी थोडी राखाडी आणि मग एकदम पिवळसर-पांढरी, ओलसर वाटणारी माती घळाघळा आली, तर जुनी भिंत.

विटेच्या भिंतीचं काम सोपं. आठ किंवा दहा मिलिमीटरचं भोक, त्यात नायलॉनचा प्लग, प्लगमध्ये स्क्रू. स्क्रू आत जातो तसा प्लग फुगतो आणि भोकाच्या कडेला घट्ट बसतो. हा फुगणारा नायलॉनचा प्लग जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी १९५८ साली काढला. आपल्याकडचे मिस्त्री कुठल्याही कंपनीच्या प्लगला सर्रास ‘फिशर’ म्हणतात, ते त्यांच्याच नावामुळे. त्याआधी लाकडाची गुल्ली ठोकून तिच्यात स्क्रू पिळायची रीत होती. लोक हमखास चुकतात ते खोलीच्या हिशेबात. वरचा अर्धा-पाऊण इंच नुसता गिलावा असतो आणि गिलावा वजन पेलत नाही. प्लग पूर्णपणे विटेत गेला पाहिजे. निम्मा प्लग गिलाव्यात राहिला तर आज ब्रॅकेट घट्ट वाटेल, पण वर्षा-दोन वर्षांत गिलाव्याची अख्खी चकती सुटून येईल.

आम्ही गेलो ते घर मात्र माळवदी होतं. भिंत दोन फूट जाड. एवढी जाड भिंत काय वाटेल ते पेलेल, असं घरच्या मुलाचं म्हणणं. तो पुण्यात नोकरीला. सणाला घरी येताना अक्कलकोटहून त्रेचाळीस इंची टीव्ही आणि त्याबरोबर पुढे ओढता येणारा, डावी-उजवीकडे वळणारा लांब हाताचा ब्रॅकेट घेऊन आलेला. मिस्त्रीने वाद घातला नाही. कोपऱ्यात, जिथे भोक दिसणार नाही अशा जागी, त्याने ड्रिलचा हॅमर बंद करून नुसत्या फिरकीवर बिट आत घातलं. पहिला इंचभर रीतसर गेला. मग हाताला काही जोर न लागता बिट दोन बोटं आत बुडालं आणि कागदाच्या खिशात पिवळी माती उतरली. बाजूला चार बोटांवर दुसरं भोक घेतलं, तर तिथे काळा दगड लागला. बिट किंचाळलं आणि दगडाच्या कडेवरून घसरून तिरपं झालं. “हितं काय धरायला न्हाई बघा,” तो म्हणाला. “दगड हाय तितं भोक सरळ जाईना, भोक सरळ जातंय तितं माती.”

जाडी म्हणजे ताकद नव्हे, हे या पट्ट्याला फार मोठी किंमत देऊन कळलेलं आहे. अशी भिंत म्हणजे बाहेरून एक आणि आतून एक अशी दगडांची दोन तोंडं, आणि मधल्या पोकळीत चिपा आणि माती. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारे लांब दगड मध्ये घातलेले नसले, तर ती एक भिंत राहतच नाही. पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन भिंती होतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या हजारो माणसांचा जीव अशाच भिंती आणि त्यांच्यावरचं मातीचं जड माळवद कोसळून गेला. त्या भिंतींत आणि या भिंतीत बांधणीचा फरक नाही. अशा भिंतीला हॅमर ड्रिलचे हादरे देणं किंवा चार बोल्टांवर लोंबतं वजन देणं मला तरी पटत नाही, आणि मिस्त्रीलाही ते पटलेलं नव्हतं.

लांब हाताच्या ब्रॅकेटबद्दल त्याचा विरोध जास्तच ठाम होता, आणि हिशेब मांडला तर तो रास्त आहे. त्रेचाळीस इंची टीव्ही साधारण आठ किलोचा. भिंतीवरची पट्टी वीस सेंटिमीटर उंच धरू. टीव्ही भिंतीपासून पाच सेंटिमीटरवर असला, तर वरच्या स्क्रूंना बाहेर खेचणारा जोर दोनेक किलोचा. तोच टीव्ही चाळीस सेंटिमीटर पुढे ओढला की हा जोर सोळा किलोवर जातो, शिवाय लोखंडी हाताचं स्वतःचं वजन वेगळं. भरलेली कळशी अंगाशी धरणं आणि हात लांब करून धरणं यात जो फरक, तोच इथे. त्यात टीव्ही रोज पुढे-मागे करायचा म्हणजे स्क्रू रोज हलणार. काँक्रीटच्या भिंतीत हे चालतं, पक्क्या विटेत नीट बसवलं तर चालतं. माती-दगडात नाही. आणि खरं सांगायचं तर बहुतेक घरांना तो हात लागतच नाही. खोली एक, बसायची जागा एक, टीव्ही वळवायचा कोणाकडे?

मग टीव्ही लावायचा कशावर? माळवदी घरात याचं उत्तर घरातच उभं असतं. वरचं माळवद नुसतं भिंतीवर नसतं. लाकडी खांब आणि तुळया त्याला तोलून धरतात. इथे भिंतीला लागून दोन खांब होते, मधलं अंतर साडेचार फुटांच्या आसपास. मिस्त्रीने त्या दोन खांबांवर आडवी फळी मारायचं ठरवलं. म्हणजे टीव्हीचं वजन फळीवर, फळीचं खांबांवर, आणि भिंतीशी काही देणंघेणं नाही. सुताराकडून पाडलेल्या माळवदाची सागवानी फळी आली, नऊ इंच रुंद, दीड इंच जाड.

फळी मारण्याआधी टीव्ही पालथा घातला गेला, गादीवर, पडदा खाली. पाठीवरच्या चार भोकांमधलं अंतर मोजलं. हे अंतर कंपनीच्या मर्जीवर नसतं. ‘वेसा’ या संस्थेने ठरवलेल्या मापांत ते येतं. शंभर बाय शंभर मिलिमीटर, दोनशे बाय शंभर, दोनशे बाय दोनशे, मोठ्या पडद्यांना चारशे बाय चारशे. ब्रॅकेटच्या खोक्यावर हे माप छापलेलं असतं आणि खरेदीत बघायचं ते हेच. पडद्याचे इंच नंतर. कित्येक टीव्हींत ही भोकं पाठीच्या बरोबर मध्यावर नसतात, खाली सरकलेली असतात. याही टीव्हीत तसंच होतं. म्हणून फळीची उंची टीव्हीच्या मध्यावरून न काढता भोकांवरून काढावी लागली.

पुढची गोष्ट मी पहिल्यांदाच पाहिली. ब्रॅकेटबरोबर पिशवीत स्क्रूंचे चार-पाच प्रकार येतात, चार, सहा, आठ मिलिमीटर जाडीचे, आखूड आणि लांब. मिस्त्रीने देव्हाऱ्यातून अगरबत्तीची एक जळकी काडी मागून घेतली. ती टीव्हीच्या भोकात टेकेपर्यंत अलगद घातली, नखाने खूण केली आणि काडी स्क्रूशेजारी धरली. ब्रॅकेटच्या पट्टीची जाडी वजा केली. स्क्रू काडीपेक्षा लांब निघाला. तो तसाच पिळला असता तर आतल्या पॅनेलपर्यंत पोचला असता, आणि पडदा लावल्यावर एक काळा डाग किंवा उभी रेघ दिसली असती. कमी लांबीचा घेतला, खाली प्लास्टिकचा बुश दिला, हाताने जेवढा फिरतो तेवढा फिरवला आणि शेवटचा अर्धा आटा फक्त पेचकसाने. मशीन लावलं नाही. दहा मिनिटांचं काम, पण टीव्हीचं आयुष्य त्यात आहे.

खांब बाभळीचे होते. बाभूळ इतकी टणक की जाड स्क्रू सरळ पिळला तर त्याचं डोकंच तुटून हातात येतं. आधी बारीक बिटाने वाट करून घेतली, मग षट्कोनी डोक्याचे जाड लाकडी स्क्रू अंगाच्या साबणाच्या वडीवर घासले आणि पान्याने हळूहळू आत नेले. प्रत्येक खांबाला तीन, एका ओळीत नाही, थोडे वर-खाली, म्हणजे लाकूड एका रेषेत चिरत नाही.

फळी कुठल्या उंचीवर मारायची यावर मात्र त्याआधी घर जमलं होतं. मुलाला टीव्ही कपाटाच्या वर हवा होता, सहा वर्षांच्या पोराचा हात पोचू नये म्हणून. त्याची भीती खोटी नव्हती. टेबलावरचा टीव्ही मुलाने ओढला आणि अंगावर पडला असे अपघात जगभर होतात, आणि टीव्ही भिंतीला जखडण्याचं सगळ्यात चांगलं कारण तेच आहे. पण जखडल्यावर उंचीची गरज उरत नाही. घरातल्या आज्जी जमिनीवर जमखाना टाकून बसतात, आणि दिवसातला जास्त वेळ टीव्ही त्याच बघतात. जमिनीवर बसलेल्या माणसाची नजर अडीच फुटांवर असते. नऊ फुटांवरून पाच फूट उंचीचा मध्य बघायचा म्हणजे मान पंधरा अंश वर, मालिका संपेपर्यंत. आज्जींनी स्वतःच निकाल दिला. त्या त्यांच्या जागेवर जाऊन बसल्या, दोघांनी खोक्याचा पुठ्ठा भिंतीला धरला, आणि त्या कानडीत सांगत राहिल्या, “केळग. इन्ना स्वल्प केळग.” अजून थोडं खाली. पुठ्ठ्याचा मध्य साडेतीन फुटांवर आला तेव्हा म्हणाल्या, “साकु.” पुरे. खुर्चीवरच्यांनाही ती उंची सोयीची. मिस्त्रीने पेन्सिलीची खूण केली.

पाणसळ फळीवर ठेवली, बुडबुडा मधोमध आणला. खांब थोडे कललेले होते, तेव्हा डोळ्याला सरळ दिसणारं पाणसळीला वाकडं निघालं; एका बाजूला पातळ पट्टी सारून ते दुरुस्त केलं. लांब हाताचा ब्रॅकेट अक्कलकोटच्या दुकानात परत गेला आणि बदल्यात साधा, किंचित पुढे झुकणारा टिल्टचा आला. टिल्ट इथे दोन कामांचा. पडदा बसणाऱ्याकडे कलतो, आणि समोरच्या दाराची तिरीप काचेवर पडते ती खाली वळते.

टीव्ही टांगण्याआधी मिस्त्रीने फळीला दोन्ही हातांनी धरून आपलं निम्मं वजन टाकलं. फळी करकरली नाही. वायरी मात्र आधी जोडून घेतल्या, कारण एकदा टीव्ही बसला की मागे हात जायला जागा राहत नाही. भिंत खोदून वायर आत घालणं या घरात बादच होतं, म्हणून खांबाच्या कडेने केसिंग पट्टी उतरवली आणि सेट-टॉप बॉक्स खालच्या कोनाड्यात ठेवला. त्या कोनाड्यात आधी समई असायची, ती देव्हाऱ्याजवळ गेली. टीव्ही भिंतीवर आला तो अलीकडेच. कर्नाटक सीमेपलीकडच्या गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर या जिल्ह्यांतल्या काही गावांत १९७५-७६ साली ‘साइट’ प्रयोगात उपग्रहावरून टीव्ही दाखवला गेला, तेव्हा अख्खं गाव मिळून एका संचापुढे बसायचं. नंतर घराघरात आलेले एकवीस इंची डबे वीस-वीस किलोंचे, पण ते टेबलावर बसत. आता वजन निम्म्याहून कमी झालं आणि भिंतीवर चढलं. म्हणून भिंतीचा प्रश्न आपल्या पिढीला पडला.

जाताना मिस्त्रीने दोन गोष्टी मुलाला नाही, आज्जींना सांगितल्या. गाव सोडून तो जाणार, घरात राहणार त्या. वळवाच्या विजा चमकायला लागल्या की नुसता बोर्डाचा खटका बंद करून भागत नाही, पिन काढायची आणि छत्रीची वायरही सोडवायची, कारण वीज त्या वायरीतूनही येते. आणि पावसाळा सरला की फळीचे सहाही स्क्रू पान्याने एकदा तपासायचे. पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, स्क्रू पाव आटा ढिले होतात. पाना त्याने स्वतःचाच ठेवला, उरलेले स्क्रू आणि बुश पिशवीत घालून ती पिशवी फळीच्या मागे खिळ्याला अडकवली, आणि पुढच्या गल्लीतल्या ब्लॉकच्या घराकडे निघाला. तिथे भिंत पोकळ निघण्याची शक्यता होती, म्हणून आपल्या हत्यारांच्या पिशवीतून लांब प्लग वेगळे काढून खिशात टाकले.