पाण्यात आधी कोण?

उज्जैन नगरीत क्षिप्रेच्या रामघाटावर आम्ही एका सकाळी उभे होतो. घाटाच्या पायऱ्या रुंद खऱ्या. परंतु सिंहस्थात येथे लक्षावधी माणसे येतात, ती सारी एकाच वेळी पाण्यात कशी उतरणार? २०१६ सालच्या सिंहस्थात २२ एप्रिल, ९ मे व २१ मे हे मुख्य स्नानाचे दिवस होते. शैव आखाड्यांनी दत्त आखाडा घाटावर, वैष्णवांनी समोरच्या रामघाटावर उतरावे, कोणी केव्हा यावे व केव्हा बाहेर पडावे, हे सारे आधीच ठरलेले होते. आपल्या नाशिकासही वैष्णव रामकुंडावर, तर शैव त्र्यंबकेश्वरी स्नान करतात. पूर्वी कुंभमेळ्यांत पहिल्या मानावरून रक्त सांडले, असे इतिहास सांगतो. ठरलेल्या पाळीचे मोल त्यावरून कळते.

तो घाट पाहताना आम्हांस आमची एक चूक आठवली. गावच्या सणानिमित्त बावखलात प्रौढांच्या पोहण्याच्या शर्यती ठेवल्या होत्या. कार्यक्रमाचा कागद आदल्या रात्री आम्हीच घाईने लिहिला. आधी मुले, मग तरुण, मग चाळिशीचे गृहस्थ आणि सर्वांच्या शेवटी साठीपुढचे वडीलधारे. पाहुणे उशिरा आले, भाषणे लांबली, एका निकालावरून वादही झाला. वडीलधाऱ्यांची पाळी आली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. सकाळच्या मिस्सेपासून केवळ चहावर, खांद्यावर टॉवेल टाकून बसलेले एक आजोबा तोवर घरी निघून गेले होते. पुढच्या रविवारी भेटले तेव्हा हसून म्हणाले, “फादर, पाणी कुठे पळून जात नाही; पण आमचा दम जातो ना!” त्यांनी तक्रार केली नाही, म्हणून तर आम्हांस अधिक लाज वाटली.

प्रौढ हौशी पोहणाऱ्यांच्या स्पर्धा जगात आता रुळल्या आहेत. अमेरिकेत अशी पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७० साली टेक्सास राज्यातील ॲमरिलो येथे झाली. पहिली जागतिक स्पर्धा १९८६ साली टोकियोत भरली. पंचविसाव्या वर्षापासून पाच-पाच वर्षांचे वयोगट पाडतात व बक्षिसे त्यानुसार देतात. लांबच्या शर्यतीत मात्र पुष्कळदा वय न पाहता, पोहण्यास लागणारा अंदाजे वेळ पाहून फेऱ्या लावतात. त्यामुळे साठीचे आजोबा आपल्याच वेगाच्या चाळिशीच्या गृहस्थाबरोबर पोहतात. बाकीचे काठावर पोहोचले आणि एकटा मागे धापा टाकीत राहिला, असे होत नाही. मंद फेऱ्या आधी, वेगवान नंतर. ज्यास उंचावरून उडी घेणे झेपत नाही, त्यास पाण्यात उभे राहून, भिंतीस पाय रेटून आरंभ करण्याची मुभा असते.

यातून आपण काय घ्यावे? लांबची शर्यत ऊन चढण्यापूर्वी उरकावी. एकाच माणसाच्या दोन शर्यती पाठोपाठ ठेवू नयेत. मध्ये श्वास शांत होण्याइतका अवकाश असावा. वेळापत्रक आठवडाभर आधी देवळाच्या दाराशी लावावे आणि पाहुण्यांसाठी ते मोडू नये; भाषणे व जेवण शर्यतींनंतर. दोन पट्टीचे पोहणारे हवेच्या ट्यूबसह शेवटची फेरी संपेपर्यंत काठावर हजर असावेत.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील बेथेस्दाचे तळे आपणांस ठाऊक आहे. पाणी हलले की जो आधी उतरेल तो बरा होई, अशी लोकांची श्रद्धा होती. अडतीस वर्षे आजारी असलेल्या त्या माणसाला पाण्यात सोडणारे कोणी नव्हते. तो सरपटत जाईपर्यंत दुसरा कोणी उतरलेला असे. प्रभू येशूने त्याला शर्यत जिंकावयास सांगितले नाही. तो स्वतःच त्याच्यापाशी गेला.

येत्या सणाला वडीलधाऱ्यांची शर्यत मिस्सेनंतर लगेच होईल. त्या आजोबांचे नाव पहिल्या फेरीत आम्ही स्वहस्ते लिहिले आहे. कुटुंबांनी मुलाबाळांसह वेळेवर काठाशी यावे, ही विनंती.