फादरांना बोलवायचं कधी?

आपल्या गटांत सगळ्या धर्मांच्या बाया आहेत. कीर्तनाला जाणाऱ्या, विहारात जाणाऱ्या, रोजे धरणाऱ्या, आणि थोड्या का होईना, कॅथलिक ख्रिस्ती बायाही आहेत. हदगावच्या बाजूला त्यांची घरं विरळ, म्हणून त्यांच्या रीती शेजारणीलाही फारशा ठाऊक नसतात. आज आम्ही बोलणार आहोत ते त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल. गुडघे गेले, नजर गेली, चर्चपर्यंत जाणं होईना, मग त्यांच्या श्रद्धेचं काय होतं?

आपला नांदेड जिल्हा कॅथलिक चर्चच्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९७७ साली झाला. पसारा मोठा आणि फादर मोजके, त्यामुळे खेड्यातल्या माणसाला रविवारच्या मिस्सासाठी, म्हणजे मुख्य उपासनेसाठी, लांब जावं लागतं. तरुणपणी एसटीनं, जीपनं जाणं जमतं. पंच्याहत्तरीत जमत नाही, आणि म्हातारी मनाला लावून घेते की आपला रविवार बुडाला, पाप लागलं. तसं काही नाही. जो आजारी आहे त्याला आणि आजाऱ्यापाशी थांबणं ज्याला भाग आहे त्याला रविवारच्या मिस्साचं बंधन नाही. म्हणजे सासूच्या उशाशी बसलेल्या सुनेलाही नाही. हे सुनेला कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

उपवासाचंही असंच. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांचा उपवास १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंतच बंधनकारक आहे. पुढं नाही. पण साठ-सत्तर वर्षं पाळलेला उपवास म्हातारी सोडत नाही. साखरेची गोळी घेते आणि दिवसभर काही खात नाही, मग दुपारी दरदरून घाम आणि चक्कर. एकादशीला आपल्याकडंही हेच बघतो की. घरच्यांनी वाद घालू नये. फादरांच्या तोंडून एकदा तिला ऐकवावं, ते ती मानते.

चर्चला जाता येत नसेल तर चर्चमधली पवित्र भाकर, म्हणजे कम्युनियन, घरी आणून देतात. ती फादरच आणतात असं नाही. १९७३ पासून नेमून दिलेल्या साध्या माणसांनाही ती आजाऱ्यापर्यंत नेता येते आणि त्यांत बायाही असतात. कम्युनियनआधी एक तास काही खायचं नाही असा नियम आहे, पण म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना तो लागू नाही. औषधाची वेळ चुकवायची गरज नाही.

आता मुख्य गोष्ट, तेलाची. कॅथलिकांत आजाऱ्याच्या कपाळाला आणि हातांना पवित्र तेल लावायचा संस्कार आहे. ऑलिव्हचं किंवा दुसरं कोणतंही वनस्पतीचं तेल चालतं. सहसा ते पवित्र आठवड्याच्या सुमारास बिशप आशीर्वादित करतात आणि तिथून गावोगावच्या फादरांकडं जातं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात याचा उल्लेख आहे, म्हणजे प्रथा फार जुनी. पण मध्यंतरी कित्येक शतकं हा संस्कार मरणाच्या दारातल्या माणसापुरताच उरला आणि त्याला नावही ‘शेवटचं तेल’ अशाच अर्थाचं पडलं. १९६३ साली रोमच्या धर्मपरिषदेनं स्पष्ट केलं की हा फक्त शेवटच्या घटकेचा संस्कार नाही. १९७२ मध्ये नवा विधी आला. त्याप्रमाणं गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनच्या आधी, किंवा ठराविक आजार नसतानाही वयानं अंग फार थकलं असेल तर तेल घेता येतं. बरं वाटून पुन्हा आजार उलटला, किंवा त्याच आजारात प्रकृती जास्त ढासळली, तर पुन्हाही घेता येतं.

हे साठ वर्षांपूर्वी बदललं, तरी घराघरांत भीती जुनीच आहे. फादर दारात आले म्हणजे संपलंच, असं मुलांना वाटतं. आईनं बघितलं तर ती खचेल म्हणून बोलावणं आज-उद्यावर जातं. आमच्या ओळखीच्या एका घरात असंच झालं. म्हातारी दोन महिने खाटेवर होती, बोलत होती, ‘फादर कधी येणार’ म्हणून स्वतः विचारत होती. मुलगा ‘बघू’ म्हणायचा. फादर आले तेव्हा तिची शुद्ध गेली होती. तेल लावलं गेलं, कारण शुद्धीत असती तर तिनं मागितलंच असतं अशा माणसाला ते देता येतं. पण पापनिवेदन राहिलं, कम्युनियन राहिली, आणि धाकट्या बहिणीशी कितीक वर्षांचा अबोला होता, त्याबद्दल तिला फादरांशी बोलायचं होतं, तेही राहिलं. मुलगा वाईट नव्हता. भ्याला होता. आणि जीव गेल्याची खात्री झाल्यावर तेल लावत नाहीत, तेव्हा फक्त मृतासाठी प्रार्थना होते.

खरं तर कॅथलिक रीतीत मरणाच्या वेळचा संस्कार तेलाचा नाहीच. तो आहे शेवटच्या कम्युनियनचा, आणि त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ होतो वाटेची शिदोरी. शेताला निघणाऱ्याच्या हाती आपण फडक्यात भाकर बांधून देतो, तशी. पण शिदोरी घ्यायला माणसाला गिळता यायला हवं. म्हणून तरी उशीर करू नये.

घरात तयारी फार लागत नाही. खाटेशेजारी स्टूल किंवा पाटावर स्वच्छ पांढरं कापड, क्रूस, एक-दोन मेणबत्त्या, वाटीत पाणी. टीव्ही बंद. पापनिवेदनाच्या वेळी मात्र सगळ्यांनी बाहेर जायचं. एकाच खोलीचं घर असेल तर अंगणात, आणि म्हातारीला कमी ऐकू येत असेल तर अंगणाच्याही पलीकडं, कारण ती मोठ्यानं बोलणार. ते शब्द तिचे आणि फादरांचे. तेल लावताना घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आत येऊन बसलं तर चांगलंच, मग ते कोणत्याही धर्माचे असोत.

विसराळूपणा आलेल्या माणसालाही वगळू नका. नातवाचं नाव आठवत नाही, पण हातात रोझरी दिली की बोटं मण्यावरून मण्यावर आपोआप सरकतात आणि ओठ हलतात, असं पुष्कळ घरांत दिसतं. पाच वेळा दहा मणी पुरे होईनात तर एकच दहा म्हणावेत. संध्याकाळी सुनेनं किंवा नातीनं शेजारी बसून म्हणावेत, म्हणजे सूर धरायला सोबत होते.

आणि बोलावणं कोणीही धाडू शकतं. सून दुसऱ्या धर्माची असली तरी, शेजारीण असली तरी चालतं. फोनवर एवढं सांगावं: माणूस शुद्धीत आहे का, गिळता येतं का, ऐकू येतं का, डॉक्टर काय म्हणाले, आणि गाडी घरापर्यंत येते की ओढ्यापासून चालत यावं लागतं.