काळ्या ऑईलनं लाकूड टिकत नाही

ट्रॉलीची फळी असो, गोठ्याचा खांब असो की कुंपणाचा डांब, जतमध्ये लाकडावर एकच औषध सांगतात: "काळं ऑईल मार, दहा वर्षं बघायला नको." बोटीच्या ट्रेलरवर घरीच लाकडं बसवणाऱ्यांनाही हाच सल्ला दिलेला मी इतक्यांदा ऐकलाय, की आता लिहिणं भाग आहे.

जतला बोट कशाला, असं कुणी म्हणेल. पण कृष्णाकाठाशी आपला जिल्हा एकच आहे, सांगली. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 45 फुटांची धोका पातळी ओलांडून 57 फुटांच्या वर गेली. 8 ऑगस्टला ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. नदीकाठच्या गावाला धड बोट लागते, आणि ती वर्षाचे बहुतेक दिवस ट्रेलरवरच्या दोन लांब लाकडांवर बसून असते. ही लाकडं कुजली, तर ऐन पुराच्या रात्री बोट पाण्यापर्यंत न्यायची कशी?

आता ऑईलचं, म्हणजे इंजिनातून काढलेल्या जुन्या तेलाचं. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला ओल लागते. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही. जत पर्जन्यछायेत आहे, इथं लाकूड वर्षातला बराच काळ कोरडं असतं. ऑईल न लावलेला डांबही इथं टिकतो. हवेनं केलेल्या कामाचं श्रेय आपण तेलाला देतो! तेच लाकूड कृष्णाकाठच्या ओलीत ठेवा, ट्रेलर नदीत उतरवताना बुडवा, म्हणजे फरक दिसेल.

जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं. इंजिनाचं ऑईल सुकतच नाही. ते वरवर मुरतं, उन्हानं पातळ होतं, पाण्यानं धुपतं. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः कापलेल्या टोकांतून आणि बोल्टच्या भोकांतून, आणि ऑईलचा फडका नेमका तिथं नीट पोचत नाही. वाळवी काही दिवस वासानं लांब राहत असेल, पण बुरशीवर त्याचा भरवसा नाही. शिवाय ऑईल लागलेल्या लाकडावर बोटीखाली घालायचं कार्पेट चिकटत नाही, आणि रबरी बोट असेल तर तिचं रबर खराब होतं.

आणि हे ऑईल निरुपद्रवी नाही. त्यात इंजिनाच्या झिजेचे धातू असतात, कर्करोगकारक संयुगं असतात. केंद्र सरकारच्या 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यातच मोडतं. ट्रेलर नदीत उतरला की तवंग पाण्यावर येतो, आणि त्याच कृष्णेचं पाणी सांगली पिते. हे उघड्या हातानं चोपडणाऱ्या पोरांना तरी कुणी थांबवा.

मग करायचं काय? आधी सगळी मापं कापा, सगळी भोकं पाडा, आणि मगच लाकूड संरक्षक द्रावणात बुडवून ठेवा. टोकं आणि भोकं जास्त वेळ भिजू द्या. नंतर नव्यानं कापलंत, तर ते तोंड पुन्हा भिजवलंच पाहिजे. बोरॅक्सचं द्रावण उघड्यावर नको, पावसात ते निघून जातं. तांब्याची संयुगं टिकतात, पण बोट ॲल्युमिनियमची असेल तर तीही नकोत. द्राक्षवाल्यांना कारण सांगायला नको: मोरचूद आपण लोखंडी पिंपात कालवत नाही. ओल्या लाकडातलं तांबं ॲल्युमिनियमला तसंच खड्डे पाडतं. फायबरच्या बोटीला ही अडचण नाही.

"सागवान घेतलं की झालं," हे अर्धंच खरं. टिकतो तो सागाचा गाभा. सालीलगतचं पांढरं लाकूड सागाचं असलं तरी कुजतं, आणि वखारीत स्वस्तात मिळणाऱ्या तुकड्यांत तेच जास्त असतं.

"आडवं टाकलं काय, उभं टाकलं काय?" फरक मोठा आहे. दोन बाय चारचं लाकूड उभं धरलं तर आडव्याच्या चौपट कमी वाकतं. बैलगाडीचे सुतार हे न शिकवता जाणतात. मात्र उभ्या लाकडाची धार अरुंद, बोटीच्या तळावर दाब जास्त. आधार जवळजवळ असतील तर आडवंच बरं.

लाकूड मागं थोडं कमी पडलं तरी चालतं, हे साफ चूक. इंजिन मागच्या फळीवर लटकतं, म्हणून लाकूड तिच्या खालपर्यंत गेलंच पाहिजे. नाहीतर फायबरचा तळ कायमचा वाकतो.

बोल्टचं डोकं कार्पेटखाली झाकलं जात नाही. ते लाकडात अर्धा इंच बुडवा. कार्पेट खालून गुंडाळून बंद करू नका, पाणी निथळायला वाट ठेवा.

लाकडांऐवजी जुने टायर हा पर्याय नाही, सगळा भार दोन-चार जागीच येतो.

आणि ताडपत्री घातली म्हणून बोटीचं पाणी काढायचं बूच लावून ठेवू नका. चार मीटर लांब, दीड मीटर रुंद तळात दहा सेंटिमीटर पाणी साचलं तर सहाशे किलो होतं, आणि ते सगळं याच दोन लाकडांवर येतं. बूच काढून इंजिनाच्या किल्लीला बांधा, म्हणजे उतरवताना लावायचं राहणार नाही.