सून ऊसतोडीला निघते तेव्हा

दिवाळी सरते, सोयाबीनचा पैसा उधारीत जिरतो आणि मानोरा-मंगरुळपीर परिसरातील तांड्यांवर ट्रक उभे राहू लागतात. मुकादमाची उचल फेडण्यासाठी मुलगा आणि सून मिळून एक ‘कोयता’ होतात व पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघतात. मागे राहता आपण, आपली रक्तदाबाची गोळी आणि शाळेत जाणारी नातवंडे.

परके होण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. घरी गोरबोली बोलणाऱ्या सुनेला तेथील परिचारिकेची कन्नड कळत नाही. कोपीला ना न्हाणी, ना शौचालय. आडोसा मिळेपर्यंत लघवी रोखावी लागते, म्हणून ती पाणीच कमी पिते. मग जळजळ होते, ताप येतो. खाडा झाला तर पैसे कापले जातात, त्यामुळे दुखणे अंगावर निघते. पाळीतही डोक्यावरची मोळी चुकत नाही.

याच कोंडीतून गर्भपिशवी काढण्याचा मार्ग अनेकींनी पत्करला. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची माहिती आली; त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. अंगावरून पांढरे जाणे हे पिशवी काढण्याचे कारण नव्हे. बहुधा ते औषधाने बरे होते. शस्त्रक्रियेत बीजकोषही काढले गेले, तर तरुण वयातच पाळी जाते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. ‘एकदाची काढून टाक’ असा सल्ला घरातील वडीलधाऱ्यांकडूनही दिला जातो, हे कटू असले तरी खरे आहे. तो देण्यापूर्वी सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्यावे.

निघण्यापूर्वी एक संध्याकाळ तिच्यासाठी ठेवा. ती गरोदर असेल, तर माता-बाल संरक्षण कार्ड आणि लोहाच्या गोळ्या पिशवीत घाला. ते कार्ड पाहून तेथील सरकारी केंद्रात पुढील तपासणी व लसीकरण चालू ठेवता येते. आशाताईंनाही तिच्या जाण्याची कल्पना द्या. शिधापत्रिकेवरून मात्र अनेक घरांत कुरबुर होते: ती नेली तर आम्ही काय खावे? ही भीती अनाठायी आहे. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ व्यवस्थेत तिच्या वाट्याचे धान्य तिकडे आणि उरलेले इकडे उचलता येते. पत्रिका आपल्यापाशीच राहू द्या. तिला क्रमांक लिहून द्या. फक्त आधार जोडलेले आहे ना, ते आधी दुकानदाराकडे तपासून घ्या.

मुलाने फोनवर ‘सगळे बरे आहे’ म्हटले, तरी फोन सुनेकडे द्यायला सांगा. पाणी किती पितेस, लघवीला जळजळ होते का, पाळी वेळेवर येते का, हे सासूबाईंनी आपल्या बोलीत विचारावे. पहिल्यांदा ती लाजेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.